चातुर्मासाचा रांजण

श्रावण शुद्ध तृतीया, ७ ऑगस्ट

तीन दिवस अंग मोडून येत आहे. डोळ्यांच्या मागे ठणका, ताप चढतो आणि उतरतो. गुळवेलीचा काढा घेत आहे. घरात सांगितलेले नाही. सांगितले तर मुलगा नीलेश अभिषेक बंद करावयास लावील. श्रावणभर रोज पार्थिव लिंगावर रुद्राची अकरा आवर्तने, हा नेम विसाव्या वर्षापासून एकदाही मोडलेला नाही. आता मला चौऱ्याहत्तरावे चालू आहे.

दुपारी वनिता आली. कशेळ्याच्या पलीकडच्या ठाकरांच्या वाडीतली ही मुलगी माझ्याकडे शाळेत संस्कृत शिकली; शब्द चालवून दाखवताना कधी अडखळत नसे. आता डेंग्यूच्या कुठल्याशा संशोधनासाठी रक्ताचे नमुने गोळा करते. विषाणूचा कोणता प्रकार कोणत्या वयाला होतो, बाईला किती आणि पुरुषाला किती, हे त्यांना पाहावयाचे आहे. म्हातारी माणसे ताप अंगावर काढतात म्हणून त्यांचे रक्त मिळत नाही, असे ती म्हणाली. विद्येच्या कामाला नकार देऊ नये, म्हणून हात पुढे केला; नंतर स्नान केले. कुपीवरचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी तिने दिली आहे, ११८. ती याच पानात खुणेला ठेवतो.

जाताना तिला देवघराबाहेरच्या पडवीतला रांजण बॅटरीने पाहावयाचा होता. मी पाहू दिला नाही. आमच्या घराण्यात आषाढी एकादशीला हा रांजण सोवळ्याने भरतात. रोज अभिषेकाला जेवढे पाणी काढावे तेवढेच वर घालतात, आणि कार्तिकीपर्यंत तळ दिसू देत नाहीत. पूजा करणाऱ्याखेरीज त्याला कोणाचा हात लागत नाही. “हात नाय लावत गुरुजी, नुसतं फडकं उचलून बघते,” असे ती म्हणाली. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, असेही म्हणाली. मी म्हटले, सरकारचा कोरडा दिवस आठवड्याने येतो, आमचा कार्तिकीला येतो. ती हसली, मीही हसलो.

फाटकातून वळून तिने मला दिवसासुद्धा मच्छरदाणीत निजावयास सांगितले; मला चावलेला डास घरात दुसऱ्या कोणाला चावेल, म्हणून. माझ्या रक्ताची एवढी काळजी आजवर कोणी केलेली नव्हती.

नागपंचमी, ९ ऑगस्ट

ताप गेला. कुंपणापलीकडे नवनाथने आज आणखी सहा टब मांडले. शेतघरे बांधणाऱ्या शहरी लोकांना कमळे विकण्याचा त्याचा धंदा आता चाळीस टबांवर गेला आहे. ज्याच्या आईबापांचे लग्न मी लावले, त्याने रोपवाटिकेच्या वास्तूला पनवेलहून भटजी आणला. मी ते विसरलेलो नाही.

श्रावण शुद्ध नवमी, १४ ऑगस्ट

सकाळी पडवीत फुले निवडीत असता सूनबाईने पायावर बसलेला डास मारला. देवकार्य चालू असताना हिंसा करू नये, असे मी तिला सांगितले. छाया समजूतदार आहे. तिने पदर पायांवर ओढून घेतला आणि वाती वळीत बसली. मात्र हे डास नवनाथच्या टबांतून येतात, यात मला शंका नाही.

संकष्टी, २२ ऑगस्ट

छायाला ताप आहे. तरी मोदक तिनेच केले.

श्रावण वद्य पंचमी, २४ ऑगस्ट

छाया आज बाजूला बसली. तारखेच्या आधीच आले, असे तिने रोहिणीकरवी कळविले. माझी ही नात चौदा वर्षांची आहे. सध्या अभिषेकाची तयारी आणि स्वयंपाक दोन्ही तिच्यावर आले आहेत. मागच्या खोलीत ताट देताना शिवाशीव होऊ नये, म्हणून उंबऱ्यावरून वेताच्या काठीने ते आत कसे सरकवावे, हे मी तिला गेल्याच वर्षी शिकविले. काठीचे टोक ताटाच्या कडेला लावावयाचे आणि झटका न देता लोटावयाचे. आमटी हिंदकळत नाही.

नीलेशची खालापूरच्या कारखान्यात रात्रपाळी आहे. दिवसा तो झोपलेला असतो.

गोकुळाष्टमी, २६ ऑगस्ट

आज उपवास, आणि मन अत्यंत क्षुब्ध.

अभिषेकाच्या मध्यात नवनाथची आई भागूबाई मागच्या दाराने अंगणात शिरली आणि ओरडून म्हणाली, “गुरुजी, पोरीचं लक्षण बरं नाय.” मी खुणेने तिला थांबविले; आवर्तन मोडता येत नव्हते. बाहेर येतो तो नवनाथचा टेंपो दारात घरघरत उभा. छायाला कर्जतला न्यावे, असे त्याचे म्हणणे. तिसरा दिवस चालू असलेल्या सुनेला परपुरुषाच्या गाडीत, तेही गोकुळाष्टमीला, कोणत्या तोंडाने पाठवावयाचे? चार दिवस सरले की न्हाऊ घालून आम्ही आमच्या गाडीने नेऊ, असे मी सांगितले. तो बराच वेळ तेथेच उभा राहिला. गाडी बंदसुद्धा केली नाही. सबंध पडवीत धूर भरला.

रोहिणी म्हणाली, आजोबा, आईला या वेळी फार जातंय. मी म्हटले, उद्या थांबेल.

श्रावण वद्य दशमी, २८ ऑगस्ट

पाचव्या दिवशी पहाटे न्हाताना छाया मोरीत कोसळली. नीलेश नुकताच कामावरून आला होता. कर्जतला नेले, तेथून पुढे मोठ्या रुग्णालयात. डॉक्टरांनी तिच्या दंडावरचे निळे डाग नीलेशला दाखविले आणि विचारले, हे घरात कोणी पाहिले नाही का? कोण पाहणार होते? चार दिवस ती कोणाच्या दृष्टीसही पडली नव्हती.

एकादशी, २९ ऑगस्ट

छाया गेली. पस्तिसावे संपले नव्हते.

ऋषिपंचमी, ८ सप्टेंबर

सुतकामुळे गणपती आणला नाही. आज अकरावा.

पिंडदान आटोपल्यावर रोहिणीने विचारले, ऋषिपंचमीचे व्रत बायका कशासाठी करतात? मी शास्त्रार्थ सांगितला. त्या चार दिवसांत नकळत घडलेल्या स्पर्शाच्या दोषाचे निवारण व्हावे, म्हणून. तिने ऐकून घेतले. मग विचारले, “आणि स्पर्श न केल्याच्या दोषाचं व्रत कोणतं?” उत्तर ऐकावयास ती थांबली नाही. आईच्या मृत्यूपासून तिने आपले अंथरूण मागच्या खोलीत नेले आहे.

दुःखाने मुले असंबद्ध बोलतात.

भाद्रपद शुद्ध सप्तमी, १० सप्टेंबर

तेराव्याचे ब्राह्मण जेवून गेले. मी देवासमोर बसलो आणि संकल्प केला. शब्दशः लिहून ठेवतो.

ज्याच्या दारच्या साठवणीत हे विष पोसले गेले, आणि ज्याच्या हट्टापायी ती पोर वेळेवर वैद्याच्या हाती लागली नाही, त्याच्या हातचे पाणी यापुढे देवाने स्वीकारू नये. त्याने आपल्या घरात परक्यासारखे राहावे.

शत्रूचे नाव संकल्पात घेऊ नये, असा आमचा परिपाठ. देवाला नाव कळते; आपल्याच टेंपोचा हट्ट त्याने धरला नसता, तर आमच्या गाडीने आम्ही तिला आधीच नेले असते. क्षमेवर मी चाळीस वर्षे प्रवचने केली. ती सर्व आज मागे घेतली. पाणी सोडले आणि कित्येक दिवसांनी छातीवरचा दगड हलल्यासारखे वाटले. नवनाथ त्याच वेळी कुंपणापलीकडे शिट्टी वाजवीत टब धूत होता.

भाद्रपद शुद्ध दशमी, १३ सप्टेंबर

कशेळ्याला जीपने जाऊन वनिताला गाठले. सूड पुराव्याने घ्यावा. शापाला साक्षीदार असला की तो लोकांतही चालतो.

या विषाणूचे चार प्रकार आहेत आणि प्रत्येकाच्या शाखा आहेत, असे तिने समजाविले. म्हणजे गोत्र आणि प्रवर. मी विचारले, छायाच्या रक्तातल्या विषाणूचे गोत्र लावता येईल का? रुग्णालयातून तिचा नमुना आला आहे, म्हणाली. आणि नवनाथच्या घरचे? भागूबाईला ताप आला होता, तिचाही आहे. दोन्ही जुळले तर लेखी द्यावे, अशी मी मागणी केली. दोन महिने लागतील, आणि कागदावर नावे देता येणार नाहीत, फक्त क्रमांक, असे तिने सांगितले. शिवाय एक डाव सौम्य होऊन गेल्यावर दुसऱ्या प्रकाराचा ताप आला तर तो अधिक चिडतो, छायाला माहेरी पूर्वी एकदा झाला असावा, असेही काही म्हणाली.

मग तिने नोंदवही पुढे केली. ओळींमागून ओळी, वय, लिंग, तापाचा कितवा दिवस. मी विचारले, पुरुषांना हा रोग अधिक होतो काय, नावे तर त्यांचीच अधिक दिसतात.

“होतो तेवढाच, गुरुजी. पण बाप्या दुसऱ्या दिवशी दवाखान्यात येतो. बाई पाचव्या दिवशी येते, नायतर येतच नाय. वहीत जो येतो तोच दिसतो.”

स्त्रियांची ही बेपर्वाई खेदजनक आहे. तिला मी तसे बोललो. मग नोंदवही मिटून तिने मला चहा दिला.

भाद्रपद वद्य तृतीया, २० सप्टेंबर

दोन महिने थांबण्याचे त्राण मजमध्ये नाही. ग्रामपंचायतीकडे अर्ज दिला होता; आज आरोग्याची माणसे रोपवाटिकेत आली. कमळांच्या टबांत नवनाथने गप्पी मासे सोडलेले आहेत, त्यांत एकही अळी सापडली नाही. परंतु मागच्या गवतात दोन जुने टायर निघाले आणि त्यांत अळ्या वळवळत होत्या. मला तेवढे पुरे आहे. सायंकाळी ग्रामसभेत मी अर्धी घटका बोललो. जनसमुदायापुढे बोलण्याची विद्या मला आहे. ती मी पहिल्यांदाच एका माणसाविरुद्ध वापरली. छायाचे नाव घेतले तेव्हा बाया रडू लागल्या. नवनाथ मागे उभा होता. कोणी त्याला पुढे येऊ दिले नाही.

भाद्रपद वद्य पंचमी, २२ सप्टेंबर

आज ते घडले. पंधरावीस तरुण रोपवाटिकेत शिरले आणि एकेक टब पालथा घातला. मी कुंपणाशी खुर्ची टाकून बसलो होतो. पाणी उताराने रस्त्यावर आले. चिखलात कमळांचे कंद, आणि शेकडो गप्पी मासे चकचकत, उड्या मारीत. कावळे जमले. मी शेवटचा मासा निपचित होईपर्यंत पाहिले. गोड वाटले, हे खोटे कशाला लिहू?

नवनाथने कोणालाही अडविले नाही. सारे गेल्यावर तो कुंपणापाशी आला. माझ्या शेजारी रोहिणी उभी होती, तिच्याकडे पाहून मग मला म्हणाला, “टब गेले तर गेले. पण त्या दिशी टेंपो चालू ठेवून उभा होतो मी, अर्धा तास. तुमी वही लिहिता म्हणतात. तेवढं लिहा.”

ते मी त्याच दिवशी लिहिलेले आहे. माझ्या वहीत असत्य नसते.

विजयादशमी, १२ ऑक्टोबर

नीलेश पाळी संपवून घरी न येता परस्पर नवनाथकडे जातो. दोघे मिळून टब पुन्हा भरीत आहेत. माझा पुत्र माझ्या शत्रूच्या अंगणात चिखल तुडवितो. सोने द्यावयास गेलो तर त्याने ते घेतले, पण वाकला नाही.

रोहिणीने आज आपट्याची पाने मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर ठेवली होती.

कार्तिक शुद्ध चतुर्थी, ५ नोव्हेंबर

वनिता आली. मी पाट मांडला. ती ओटीच्या कडेलाच बसली. कागद हातात घट्ट धरला होता, आणि बोलण्यापूर्वी, एवढ्यावरून कुणाचं कुणाला गेलं हे ठाम म्हणता येत नाय, असे तिने दोनदा बजाविले.

भागूबाईचा विषाणू पहिल्या प्रकारचा. छायाचा दुसऱ्या. गोत्रच निराळे. मी म्हटले, मग टायरांतला? अळ्यांची तपासणी झालेलीच नाही, म्हणाली.

“मग छायाशी कोणाचे जुळते?”

तिने कागद फिरवून माझ्यासमोर धरला. सबंध परिसरात छायाच्या नमुन्याशी शाखेसकट एकच नमुना जुळतो. पुरुष, वय चौऱ्याहत्तर, नमुना छायाच्या तापाच्या पंधरा दिवस आधीचा. क्रमांक ११८.

मी विचारले, हा कोण? खाली मान घालून ती पडवीच्या फरशीवर बोट फिरवीत राहिली. मी आत जाऊन ही वही आणली. चिठ्ठी त्याच पानात होती.

मग तिने विचारले, “गुरुजी, आज तरी फडकं उचलू का?”

मी होकार दिला. तिने रांजणावरचे सोवळे बाजूला केले आणि बॅटरी धरली. मी शेजारी उभा राहून पाहिले. ज्या पाण्याने मी साडेतीन महिने महादेवाला स्नान घातले, त्यात शेपटाच्या टोकाने लटकलेले शेकडो जीव खाली डोके करून श्वास घेत होते. प्रकाश पडताच सारे तळाकडे गेले.

कार्तिक शुद्ध पंचमी, ६ नोव्हेंबर

नवनाथकडे गेलो. तो कशेळ्याच्या बाजाराला गेला होता. भागूबाई ओट्यावर तांदूळ पाखडीत होती. बसा म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. मी विचारले, त्या दिवशी तू काय पाहिलेस?

“कुंपणावरून बगितलं. पाणी मागायला दारात आली व्हती, भिंत धरून. हात निळं, हिरड्यांतून रगत. पाळीचं नव्हतं ते, गुरुजी. कंचं रगत कुठलं, ते बाईला कळतं.”

“मला का सांगितले नाहीस?”

सूप तिने खाली ठेवले. “तुमी मंत्र म्हनत व्हतात. हात वर केलात.”

घरी येऊन वही पहिल्यापासून वाचली. सगळे लिहिलेले आहे. डासाचे, पदराचे, काठीचे, धुराचे. एकही गोष्ट मी वगळलेली नाही, आणि एकही वाचलेली नव्हती.

कार्तिक शुद्ध नवमी, १० नोव्हेंबर

संकल्प मागे घेता येतो काय, म्हणून चार दिवस ग्रंथ काढून बसलो होतो. अज्ञानाने दिलेल्या शापाला उःशाप आहे. प्रायश्चित्ते आहेत, दाने आहेत, पर्याय पुष्कळ आहेत. नवनाथसाठी यांतला एकही पर्याय मी शोधला नसता. त्याचे घर उजाड झालेले मी खुर्ची टाकून पाहिले असते. मग हा दुसरा माणूस कोण लागून गेला, की त्याच्यासाठी मी ग्रंथ चाळावेत?

ग्रंथ बांधून ठेवले.

कार्तिकी एकादशी, १२ नोव्हेंबर

पहाटे रांजण उपसला. तांब्यातांब्याने पाणी अंगणातल्या चुलीच्या तापलेल्या राखेवर ओतले. तळाचा गाळ हाताने खरवडला. पालथा घालण्याइतकी शक्ती नव्हती. नीलेशने येऊन एक बाजू धरली.

यानंतर कार्तिकीचा अभिषेक. चौपन्न वर्षांत तो दुसऱ्याच्या हाताने झालेला नाही. मी विहिरीवर गेलो नाही. रोहिणीला हाक मारली आणि तांब्या तिच्यापुढे ठेवला. ती म्हणाली, “मी?” मी मान हलविली. ती तशीच उभी राहिली. मी नेहमी विचारतो तो प्रश्न विचारीन, म्हणून. मी विचारला नाही. महिन्याचा कोणता दिवस आहे, हे मला आजही ठाऊक नाही.

मी उंबऱ्याबाहेर बसून पाठ म्हटला, तिने आत धार धरली. तिची धार सारखी पडते. मध्येच तुटत नाही.

नंतर वळकटी उचलून मी मागच्या खोलीत आलो. रोहिणीने माझ्याकडे पाहिले, आपले अंथरूण गुंडाळले आणि माजघरात नेले. खिडकीतून नवनाथच्या टबांची एक रांग दिसते. पूर्वी ही रांग येथून दिसते, हे मला माहीत नव्हते. या खोलीत मी कधी आलोच नव्हतो. भिंतीवर, निजलेल्या माणसाचा हात पोचेल इतक्या उंचीवर, एक तपकिरी डाग आहे. तो पुसावयाचा नाही, असे नीलेशला सांगेन.

मध्यान्ही उपवासाचे ताट आले. वरी, दाण्याची आमटी, ताक. रोहिणीने ते उंबऱ्यावर ठेवले. मग दारामागे हात घालून तिने वेताची काठी काढली, टोक ताटाच्या कडेला लावले आणि लोटले. ताट माझ्या गुडघ्याशी येऊन थांबले. आमटी हिंदकळली नाही.